प्रश्नोत्तरे : वस्तीतून वाहणारे ओढे, त्यांचा पूर आणि निचऱ्याचे नियोजन

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाची होती. दोन्ही काठांवर घरे, रस्ते आणि बाजारपेठा उभ्या राहिल्यानंतर ओढ्यानाल्यांच्या पुराचे काय करायचे, हा तो विषय. त्यांतून निवडलेले प्रश्न थोडक्यात दिले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या वसाहतीला लागून एक ओढा वाहतो. पूर्वी तो क्वचितच काठाबाहेर येत असे. आता जवळपास दर पावसाळ्यात पाणी तळमजल्यात शिरते. पावसाच्या नोंदी पाहिल्या, तर वर्षाचा एकूण पाऊस वाढलेला दिसत नाही. मग हे पाणी येते कोठून?

उत्तर : आकाशातून तेवढेच पाणी पडते आहे असे धरले, तरी त्यातले ओढ्यापर्यंत पोहोचणारे पाणी वाढले आहे, आणि त्याला पोहोचायला लागणारा वेळ कमी झाला आहे. पुराची उंची ठरवण्यात या दुसऱ्या गोष्टीचा वाटा मोठा असतो, आणि नेमकी तीच सहसा नजरेतून सुटते.

एक हिशेब करून पाहू. लहान पाणलोट क्षेत्रातील विसर्गाचा अंदाज काढण्यासाठी अभियंते आजही जी साधी पद्धत वापरतात, तिची कल्पना आयर्लंडमधील अभियंता थॉमस मुल्वनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मांडली होती. पाणलोटाचे क्षेत्र हेक्टरांत, पावसाची तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये आणि पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा अंश, म्हणजेच अपवाह गुणांक, या तिन्हींचा गुणाकार करून त्याला ३६० ने भागले की दर सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते मिळते. आता १०० हेक्टरांचे एक पाणलोट क्षेत्र घ्या. ते शेती, गवत आणि झाडे यांनी व्यापलेले असताना अपवाह गुणांक ०.३ धरला, आणि सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी ओढ्याच्या मुखाशी यायला एक तास लागतो असे मानले, तर हिशेबात तासाभराच्या पावसाची तीव्रता धरावी लागते. ती ताशी ५० मिलिमीटर समजू. विसर्ग येतो सेकंदाला सुमारे ४ घनमीटर. त्याच क्षेत्रावर छपरे, काँक्रीटचे रस्ते आणि पावसाळी गटारे आली की गुणांक ०.८ पर्यंत जातो आणि पाणी वीस मिनिटांत मुखाशी येते. वीस मिनिटांच्या जोरदार सरीची तीव्रता तासाभराच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त असते. ती ताशी ९० मिलिमीटर धरली, तर विसर्ग २० घनमीटरांवर जातो. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. पण पाऊस मुळीच न बदलता पूर जवळपास पाचपट कसा होतो, हे त्यांवरून कळते.

आपण वर्षाच्या एकूण पावसाची नोंद पाहिली आहे. तिच्यावरून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. लहान ओढ्याला पूर येतो तो पंधरा मिनिटे ते दोन तास टिकणाऱ्या सरींमुळे, आणि दिवसातून एकदा मोजलेल्या पावसात अशी सर दिसतच नाही. त्यासाठी स्वयंनोंदी पर्जन्यमापकाची दर पाच किंवा पंधरा मिनिटांची नोंद लागते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे वर्षाची बेरीज तीच राहिली, तरी तिच्यातल्या सरी अधिक जोरकस होणे शक्य आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या अनुभवाशी थेट जुळते. बांधकामामुळे लहान पूर मोठ्या पुरांपेक्षा अधिक पटीने वाढतात. अतिवृष्टीत मूळची मोकळी जमीनही भिजून तुडुंब झालेली असते आणि पाणी वाहूनच जात असते, त्यामुळे शंभर वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुरात फरक तुलनेने कमी पडतो. ज्या मध्यम सरी माती पूर्वी निमूटपणे पिऊन टाकत असे, त्याच आता ओढ्यात उतरतात. ओढ्याचे पात्र साधारणपणे दर एक-दोन वर्षांनी येणाऱ्या पुराने घडवलेले असते. हा नेहमीचा पूरच मोठा झाला की पात्र आपली खोली आणि रुंदी वाढवू लागते, काठ ढासळतात आणि निघालेली माती पुढे जिथे उतार मंदावतो तिथे साठते.

प्रश्न : ओढा रुंद करून दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती आणि तळाला अस्तर घालण्याची मागणी आमच्या नागरिक समितीने केली आहे. काही तज्ज्ञ मात्र तिला विरोध करतात. मागणीत चूक काय आहे?

उत्तर : काँक्रीटच्या पात्रातून पाणी खरोखरच जास्त वाहते. वाहत्या पाण्याला पात्राकडून होणारा अडथळा प्रवाहाचा वेग काढण्याच्या मॅनिंग यांच्या सूत्रात एका गुणांकाने मोजतात. गुळगुळीत काँक्रीटसाठी तो ०.०१३ ते ०.०१५ असतो, तर दगड, झुडपे आणि वळणे असलेल्या ओढ्यासाठी ०.०४ ते ०.०५. म्हणजे तोच उतार आणि तोच काटछेद ठेवून केवळ अस्तर घातले, तरी पात्राची वाहकता, म्हणजे पाणी वाहून नेण्याची क्षमता, सुमारे तिप्पट होते. मागणीमागचा तर्क त्यामुळे चुकीचा म्हणता येत नाही. तो अपुरा मात्र आहे.

एक तर, ओढ्याची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद जागेवर ठरते. आपल्या वसाहतीजवळ पात्र रुंद केले आणि खाली अर्ध्या किलोमीटरवर रस्त्याखालची जुनी मोरी तशीच राहिली, तर तिच्यापाशी तुंबलेले पाणी उलट वर चढत आपल्यापर्यंत येईल. मंद उताराच्या ओढ्यांत पाण्याची पातळी नेहमी खालच्या बाजूच्या अडथळ्याने ठरत असते. म्हणून अशा कामाची सुरुवात खालच्या टोकापासून करून वर यावे लागते. प्रत्यक्षात ती जिथे तक्रारी मोठ्या आवाजात होतात तिथून होते.

दुसरे असे की, पसरट काठांवर थोडा वेळ थांबणारे पाणी आपण घाईने पुढे ढकलले, की त्या थांबण्यामुळे खालच्या वस्तीला मिळणारा आधार संपतो. आपला पूर लवकर उतरतो आणि त्यांचा उंच चढतो. मुख्य नदीचा पूर आणि ओढ्याचा पूर पूर्वी वेगवेगळ्या वेळी संगमावर पोहोचत असतील, तर ते आता एकाच वेळी पोहोचू शकतात. अर्थात याच्या उलटही घडू शकते, आणि म्हणूनच ते गणिताने तपासावे लागते.

तिसरी अडचण भिंत बांधून झाल्यावर लक्षात येते. ओढ्यातले पाणी बाहेर येऊ नये म्हणून भिंत उंच केली, की वसाहतीतले पावसाचे पाणीही ओढ्यात जाऊ शकत नाही. गटारांच्या मुखांना एकाच दिशेने उघडणारी झडप बसवावी लागते, झडप मिटलेली असताना आतले पाणी साठवायला जागा ठेवावी लागते आणि बहुधा पंपही लागतात. वीज जाण्याची शक्यता पावसाच्या त्याच तासात सर्वाधिक असते, हे अंदाजपत्रक करणाऱ्यांच्या सहसा मनात नसते.

लॉस एंजलिस नदीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १९३८ च्या मोठ्या पुरानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी या नदीचा बहुतेक भाग काँक्रीटमध्ये बांधून काढला. पुरापासून संरक्षण मिळाले, परंतु त्या भरवशावर काठापर्यंत शहर आले आणि आता पात्र पुन्हा मोकळे करायचे म्हटले तर जागाच उरलेली नाही. याउलट सिंगापूरमध्ये बिशान येथील उद्यानाच्या कडेने जाणारा कलांग नदीचा २.७ किलोमीटरांचा सरळ काँक्रीट कालवा काढून तिथे ३.२ किलोमीटर लांबीचे वळणावळणाचे नैसर्गिक पात्र तयार करण्यात आले. ते २०१२ मध्ये खुले झाले. कालव्याची रुंदी १७ ते २४ मीटर होती. आता पुराच्या वेळी नदीला जवळपास शंभर मीटर रुंदी मिळते आणि वाहकता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली आहे. खडबडीत पात्र गुळगुळीत पात्रापेक्षा जास्त पाणी नेते ते केवळ रुंदीमुळे, आणि ही रुंदी मिळाली ती शेजारी उद्यानाची मोकळी जमीन होती म्हणून. आपल्या समितीने मागणी बदलायची ठरवली, तर भिंतीची उंची मागण्याआधी ओढ्याकाठी अजून कोणते भूखंड मोकळे आहेत याची यादी मागावी.

प्रश्न : ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ आमच्याकडे दहा वर्षांत दोनदा आला. या संज्ञेवर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर : संज्ञा दिशाभूल करणारी आहे, हे खरे. तिचा अर्थ इतकाच की, कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता एक टक्का आहे. या वर्षी तो आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षे एखाद्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला असा पूर किमान एकदा पाहावा लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. पंचवीस वर्षांच्या पुरासाठी आखलेली मोरी पंचवीस वर्षांत निदान एकदा अपुरी पडण्याची शक्यता ६४ टक्के असते, म्हणजे ती अपुरी पडेल असेच धरून चालावे.

आपल्या बाबतीत मात्र मला वेगळी शंका येते. एक टक्क्याचा पूर दहा वर्षांत दोनदा किंवा अधिक वेळा येण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. असे घडूच शकत नाही असे नाही. पण त्या पुराचा आकडा जुन्या नोंदींवरून, पाणलोट क्षेत्र अर्धे मोकळे असताना काढला गेला असण्याची शक्यता त्याहून जास्त वाटते. आज जो पूर ‘शंभर वर्षांचा’ म्हणून नकाशावर आहे, तो बदललेल्या पाणलोटात पंचवीस किंवा दहा वर्षांचाही असू शकतो. आकडा कोणत्या वर्षी, कोणत्या जमीनवापरावर आणि किती वर्षांच्या पर्जन्यनोंदींवर काढला, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. चांगल्या नियोजनात सध्याची वस्ती हिशेबात धरत नाहीत. विकास आराखड्यानुसार पूर्ण बांधकाम झाल्यावर जो पाणलोट असेल तो धरतात.

याला जोडून एक गोष्ट सांगायला हवी. कोणत्याही शहराची पावसाळी गटारे सर्वांत मोठ्या पावसासाठी बांधलेली नसतात, आणि तशी बांधणे परवडणारेही नाही. ती बहुधा दोन ते पाच वर्षांच्या सरींसाठी असतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथली जुनी व्यवस्था ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने केलेली होती. गटार भरल्यानंतरचे पाणी कुठून जाणार, हा त्यामुळे नियोजनाचा स्वतंत्र भाग ठरतो. त्यासाठी रस्त्यांची पातळी, मोकळी मैदाने आणि ओढ्याकडे जाणाऱ्या वाटा यांची मिळून एक दुसरी, मोठी व्यवस्था आखावी लागते. आपण ती आखली नाही, तरी पाणी ती आखतेच, आणि मग तिची वाट कुणाच्या तरी तळघरातून जाते.

कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी काही तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर पुढच्याच वर्षी शहराने अतिवृष्टीचा स्वतंत्र आराखडा केला, आणि शंभर वर्षांच्या पावसातही रस्त्यावर दहा सेंटिमीटरांपेक्षा जास्त पाणी चढू नये, हे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी काही रस्ते मुद्दाम मध्यभागी खोलगट करून ते पाणी वाहून नेतील असे आखले आहेत. दहा सेंटिमीटर हा आकडा उगीच निवडलेला नाही. जोराने वाहणारे पंधरा सेंटिमीटर पाणीही प्रौढ माणसाला पाडू शकते आणि तीस सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. रस्त्याला पाण्याची वाट करताना खोली आणि वेग या दोन्हींवर मर्यादा घालाव्या लागतात.

प्रश्न : दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नाल्यातला गाळ काढतात. त्याचा उपयोग होतो का?

उत्तर : मोऱ्यांच्या तोंडाशी आणि पुलांखाली होतो, तिथला गाळ आणि कचरा काढलाच पाहिजे. बाकी पात्रात उपयोग मर्यादित असतो. नाल्याचा तळ सरसकट रुंद आणि सपाट केला, की वर्षातले बहुतेक दिवस वाहणारे थोडेसे पाणी त्यावर पातळ पसरते, त्याचा वेग मंदावतो आणि पुढच्या हंगामापर्यंत गाळ पुन्हा बसतो. तळात मध्यभागी अरुंद चर ठेवला, तर रोजचे पाणी त्यातून वेगाने जाते आणि चर बराचसा स्वतःच साफ राहतो. वरच्या भागात बांधकामांची माती उघडी पडलेली असेल, तर गाळाचा बंदोबस्त तिथे करणे स्वस्त पडते.

प्रश्न : शहरात जागा नाही. नाला वरून झाकून त्यावर रस्ता आणि वाहनतळ करण्याचा प्रस्ताव आहे. दुर्गंधीही थांबेल. यास आपले मत काय?

उत्तर : माझे मत विरोधात आहे. वास येतो तो नाल्यात सांडपाणी सोडल्यामुळे, आणि सांडपाण्याच्या नळाची जोडणी दुरुस्त करणे हा त्यावरचा इलाज आहे. झाकल्याने फक्त ही जोडणी चुकली आहे हे दिसायचे थांबते.

पुराच्या दृष्टीने पाहिले, तर उघड्या पात्रात पाणी वाढले की पातळी चढत जाते आणि पात्र वर रुंदावत असल्याने वाहकताही वाढत जाते; माणसाला निदान इशारा मिळतो. पेटीसारख्या बंद नाल्यात पाणी छताला टेकले की छताचे घर्षणही मिळते आणि नेमक्या त्या क्षणी वाहकता वाढण्याऐवजी घटते. त्यापुढे आत दाब तयार होतो, चेंबरांची झाकणे उचलली जातात आणि पाणी अनपेक्षित जागी वर येते. मोठी फांदी, गादी किंवा पत्रा तोंडाशी अडकला, की संपूर्ण हिशेब कागदावरच राहतो. तोंडाशी जाळी बसवायची तर तिचे क्षेत्रफळ मोरीच्या तोंडाच्या कित्येक पट हवे आणि ती तिरपी हवी, म्हणजे कचरा पाण्याबरोबर वर सरकतो. मोरीच्या तोंडावर उभी, घट्ट जाळी बसवणे म्हणजे बांधच घालणे. शिवाय झाकलेल्या नाल्याची दुरुस्ती करायची तर वरचा रस्ता बंद करावा लागतो, म्हणून ती पुढे ढकलली जाते.

सोलमधील छोंग-ग्ये-छोन हा ओढा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने झाकून त्यावर रस्ता आणि उड्डाणमार्ग बांधला गेला होता. २००३ ते २००५ या काळात ते सारे पाडून सुमारे ५.८ किलोमीटर लांबीचा ओढा पुन्हा उघडा करण्यात आला. या प्रकल्पाचे कौतुक करताना हेही सांगावे लागते की, त्यात एरवी दिसणारे पाणी बहुतांशी पंपाने आणून सोडलेले असते. मूळ झरे आणि पाणलोट परत आलेले नाहीत. झाकलेला ओढा उघडता येतो, पण त्याचा खर्च झाकण्याच्या कितीतरी पट होतो.

प्रश्न : प्रत्येक नव्या गृहप्रकल्पाला आपल्या आवारात पावसाचे पाणी थांबवण्यासाठी तलाव किंवा टाकी सक्तीची केली, तर पुराचा प्रश्न सुटेल का? छतावरचे पाणी साठवण्याच्या टाक्या पुरेशा नाहीत का?

उत्तर : आधी टाक्यांविषयी. वापरासाठी पाणी साठवणारी टाकी भरलेली असावी लागते आणि पूर अडवणारी टाकी पावसाआधी रिकामी असावी लागते. हंगामातल्या पहिल्या काही सरींत भरून गेलेली टाकी पुढच्या अतिवृष्टीत एक थेंबही अडवत नाही. दोन्ही कामे एकाच टाकीकडून हवी असतील, तर तिचा वरचा भाग पुरासाठी राखून त्याला सतत हळूहळू रिकामे करणारे छिद्र ठेवावे लागते. पाणी झिरपू देणारी फरसबंदी, पाऊसबागा, गवताचे चर यांचा उपयोग लहान सरी जिरवण्यासाठी आणि रस्त्यावरचे तेल-माती गाळण्यासाठी उत्तम होतो. मोठ्या पुराच्या उंचीवर त्यांचा परिणाम थोडा असतो. म्हणून ते करू नयेत असे नव्हे, परंतु त्यांच्या भरवशावर ओढ्याची रुंदी कमी करण्याची परवानगी कोणी मागितली, तर ती नाकारावी.

आता अडवण्याच्या तलावांविषयी. दोन हेक्टरांच्या भूखंडावर एका तासात ६० मिलिमीटर पाऊस पडला, तर एकूण पाणी १,२०० घनमीटर होते. पूर्वी त्यातले तीस टक्के, म्हणजे ३६० घनमीटर वाहून जात असेल आणि बांधकामानंतर ऐंशी टक्के, म्हणजे ९६० घनमीटर, तर मधले ६०० घनमीटर कुठेतरी थांबवायचे आहेत. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि दीड मीटर खोल एवढी ती जागा झाली. मैदान किंवा बाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल ठेवून हे काम होते, आणि वर्षातले बहुतेक दिवस तिथे मुले खेळू शकतात. बाहेर पडणारे तोंड लहान ठेवायचे, म्हणजे पाणी पूर्वीच्याच दराने ओढ्यात जाते. मात्र एकाच आकाराचे छिद्र पुरत नाही. मोठ्या पुरासाठी बेतलेल्या मोठ्या छिद्रातून नेहमीच्या सरी न अडता निघून जातात; म्हणून वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन तोंडे आणि सर्वांत वर सुरक्षित सांडवा असावा.

तरीही सरसकट सक्तीने प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही, आणि यामागचे कारण थोडे अनपेक्षित आहे. पाणलोटाच्या अगदी खालच्या टोकाला असलेल्या भूखंडाचे पाणी, मुख्य पूर वरून येण्याआधीच निघून गेलेले चांगले. ते तासभर अडवून ठेवले, तर ते नेमके मुख्य पुराच्या शिखरात जाऊन मिसळते आणि पातळी वाढते. पाणलोटभर विखुरलेले शेकडो छोटे तलाव प्रत्येकाने आपापल्या हिशेबाने बांधले, तर त्यांची एकत्रित कामगिरी कोणालाच माहीत नसते. दहा वर्षांनी त्यांतल्या किती तलावांत गाळ भरला आहे, किती बुजवून तिथे वाहने उभी केली आहेत, याची नोंदही राहत नाही. त्यापेक्षा संपूर्ण पाणलोटाचे गणित मांडून मोक्याच्या जागी थोडे मोठे सार्वजनिक तलाव करावेत, विकासकांकडून त्यांचा वाटा शुल्करूपाने घ्यावा आणि देखभाल सार्वजनिक यंत्रणेकडे ठेवावी, हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. अट एकच आहे : तलावाची जागा घरे येण्याआधी राखून ठेवली पाहिजे. शुल्क गोळा झाले आणि जागा उरली नाही, अशी स्थिती येऊ शकते.

प्रश्न : ओढ्याच्या पूरपट्ट्यात आधीच घरे झाली आहेत, त्यांतली काही रीतसर परवानगीची. शिवाय आमचा ओढा तीन वेगवेगळ्या स्थानिक संस्थांच्या हद्दीतून जातो. अशा ठिकाणी नियोजन म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर : पूरपट्ट्याचे दोन भाग वेगळे करावे लागतात. मधल्या पट्ट्यातून पूर वेगाने वाहतो. तिथे एक भिंत घातली, तरी वरच्या बाजूची पातळी वाढते. त्याच्या दोन्ही कडांना पाणी चढते, पण जवळजवळ उभे असते. अमेरिकेतील नियमांत मधला पट्टा असा ठरवतात की, कडेचा भाग पूर्णपणे भरून टाकला तरी पुराची पातळी एक फुटापेक्षा जास्त वाढू नये. ही मर्यादा मला सैल वाटते, कारण सपाट भागात एक फूट म्हणजे आणखी कित्येक घरे. पण दोन पट्ट्यांना वेगळे नियम लावण्याची कल्पना योग्य आहे. मधल्या पट्ट्यात नवे काहीही नको आणि असलेले हळूहळू हलवायचे. कडेच्या पट्ट्यात बांधकाम करायचेच असेल, तर जोते पूरपातळीच्या वर साधारण अर्धा मीटर असावे, तळघर नसावे, विजेचे मीटर आणि पंप वरच्या मजल्यावर असावेत, आणि भराव टाकून साठवणीची जेवढी जागा घालवली तेवढीच जवळपास खोदून परत द्यावी.

राहणाऱ्यांना हलवणे हा सर्वांत कठीण भाग आहे. अमेरिकेतील टल्सा शहरात मे १९८४ मध्ये एका रात्रीच्या पावसाने मिंगो क्रीक आणि इतर ओढ्यांना पूर येऊन १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर शहराने पूरपट्ट्यातील घरे विकत घेण्याचे धोरण चिकाटीने चालवले, पावसाळी पाण्यासाठी स्वतंत्र शुल्क सुरू केले आणि मोकळ्या झालेल्या जागांवर तलाव आणि उद्याने केली. या उपायाची गती पुरानंतरच्या पहिल्या काही महिन्यांवर अवलंबून असते. लोकांनी घर दुरुस्त करून घेतले की ते विकायला तयार होत नाहीत. म्हणून खरेदीचा निधी आणि प्राधान्यक्रमाची यादी पूर येण्याआधी तयार हवी. बाकीच्यांसाठी घर उंच करणे, दारांना पूरफळ्या बसवणे, विमा आणि पूर्वसूचना असे वेगवेगळे उपाय असतात. भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४० च्या दशकातच दाखवून दिले होते की, केवळ बांध आणि भिंती यांवर विसंबल्याने लोक धोक्याच्या जागी अधिकच वस्ती करतात, आणि पुढचा मोठा पूर भिंत ओलांडतो तेव्हा नुकसान पूर्वीपेक्षा जास्त होते.

लहान ओढ्यांच्या पूर्वसूचनेबद्दल सावध अपेक्षा ठेवावी. पाऊस आणि पूर यांत वीस-तीस मिनिटांचेच अंतर असेल, तर ओढ्याची पातळी मोजणारे यंत्र उशिरा सांगते. वरच्या भागातले पर्जन्यमापक आणि रडार यांवर आधारलेला इशारा काही मिनिटे मिळवून देतो, आणि तो कोणी, कोणाला, कसा द्यायचा हे आधी ठरलेले असेल तरच त्या मिनिटांचा उपयोग होतो.

तीन हद्दींचा प्रश्न डेन्व्हर परिसराने एका प्रकारे सोडवला आहे. जून १९६५ मध्ये साउथ प्लॅट नदीच्या पुराने तिथे मोठी हानी झाली. १९६९ मध्ये कोलोरॅडोच्या विधिमंडळाने अनेक शहरे आणि परगणे मिळून शहरी निचरा आणि पूरनियंत्रणाचा एक स्वतंत्र जिल्हा कायद्याने स्थापन केला. त्याला मालमत्ता कराचा छोटा हिस्सा मिळतो, तो हद्दी ओलांडणाऱ्या ओढ्यांचे आराखडे करतो, पूरपट्ट्याचे नकाशे काढतो आणि देखभालीची कामेही करतो. जमीनवापराची परवानगी मात्र स्थानिक संस्थांकडेच राहिली आहे. आपल्याकडे अशी संस्था होईपर्यंत तिन्ही संस्थांनी निदान एक पर्जन्यतीव्रता आलेख (किती वेळाच्या सरीत पावसाचा जोर किती धरायचा हे दाखवणारा), एक अपवाह पद्धत आणि एकाच समुद्रसपाटीच्या संदर्भातल्या पातळ्या वापरण्याचा लेखी करार करावा. हे किरकोळ वाटेल, पण दोन संस्थांनी एकाच ओढ्यासाठी वेगवेगळा विसर्ग धरला, की हद्दीवर एक मोठी मोरी लहान मोरीत उघडते.

आराखडा हाती आला की त्यातील नकाशांआधी कामांचा क्रम पाहावा. मोकळ्या जागांचे आरक्षण आणि मधल्या पट्ट्यातील नव्या परवानग्या थांबवणे या दोन गोष्टी पहिल्याच वर्षी असाव्यात, कारण त्यांना पैसे कमी लागतात आणि उशीर झाला तर त्या पुढे कधीच करता येत नाहीत. त्यानंतर खालच्या टोकाच्या अपुऱ्या मोऱ्या, मग तलाव, आणि पात्राचे रुंदीकरण त्यांच्या मागून. प्रत्येक कामापुढे देखभालीचा वार्षिक खर्च आणि तो कोणत्या खात्यातून येणार हेही लिहिलेले असावे. तो रकाना कोरा असेल, तर आराखडा हरकतीसह परत पाठवावा.